कमरेपर्यंत

४ फेब्रुवारी

बेडके,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. “यापुढे पाण्यात पाऊल टाकणार नाही असं एका कागदावर लिहून पाठव, मी लगेच निघते. नाही लिहिलंस तर मला काहीही कळवू नकोस.” वर तारीख, खाली सही. ‘कशी आहेस’ एवढं विचारायला शाई कमी पडली वाटतं.

मग कशी आहे ते मीच सांगते. बरी आहे. गळ्यातल्या भोकाची आता सवय झाली. सकाळी उठलं की त्याची साफसफाई, त्यावर जाळीचा रुमाल, मग चहा. चहावर फुंकर मारता येत नाही हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तोंडातून हवाच येत नाही तर फुंकर कुठून येणार? तो गार होईपर्यंत कपाकडे बघत बसते. शिट्टीचं तर नावच नको. जन्मभर गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना पोहायला शिकवणारी, अख्खा तलाव डोक्यावर घेणारी बाई आता चहा गार होण्याची वाट बघते. हस हवं तर. मीही हसते, पण आवाज निघत नाही, त्यामुळे समोरच्याला वाटतं मला ठसका लागलाय, आणि तो पाणी आणायला धावतो.

तू ठेवून गेलेलं आवाजाचं यंत्र कपाटात आहे. गळ्याला लावून एकदा बोलून पाहिलं. मिक्सरमध्ये कुणीतरी माणूस कोंडलाय असं वाटलं. दूधवाला दोन पायऱ्या खाली सरकला. म्हणून लिहून बोलायला पाटीच बरी. मोबाईलवर लिहायला गेले तर एका बोटाखाली तीन अक्षरं येतात, आणि रागाने काही लिहिलं की तो मोबाईल स्वतःच्या मनाने त्याचं गोड काहीतरी करून ठेवतो. तुझ्याशी भांडायचं तर कागदच हवा.

भांडण मी विसरलेले नाही. तू माझं तलावाचं ओळखपत्र तुझ्या पर्समध्ये टाकलंस आणि तलावावरच्या जीवरक्षकाला, आपल्या ओंडक्याला, जाऊन सांगितलंस की बाईंना आत सोडायचं नाही. मी पाटीवर लिहीत होते आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू उत्तर देत होतीस. शेवटी मी लिहिलं, की तू माझी पोरगी नाहीस, माझी चौकीदार आहेस. ते तू पुसलंसुद्धा नाहीस. पाटी तशीच टेबलावर ठेवून गेलीस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याशी भांडणात जिंकलीस, आणि तेही समोरचीला आवाज नव्हता म्हणून.

असो. डॉक्टर म्हणतात हलत राहा. बसून राहिलात तर उपचारांनी वाचलेलं शरीर खुर्चीत गंजेल, असं त्यांचं म्हणणं. शस्त्रक्रियेत मानेतली एक नस गेली, त्यामुळे डावा खांदा लोंबतोय आणि हात वर जात नाही. त्यासाठी फिजिओने भिंत दिली आहे. भिंतीसमोर उभं राहायचं आणि मुंगी चढते तशी बोटं वर चढवत न्यायची. जिथं थांबतील तिथं पेन्सिलीची खूण. आज विजेच्या बटणांच्या जरा खाली खूण आहे. रस्त्यावरही चालते, कोपऱ्यावरच्या कुलपांच्या दुकानापर्यंत. तिथं पायऱ्यांवर बसून घेते, मग परत. एवढ्याने मला धाप लागते. मला!

तो कागद लिहायला घेतला होता. तारीख घातली. मग फिजिओ आली आणि राहून गेलं.

आई

२० फेब्रुवारी

बेडके,

तुझं उत्तर नाही. म्हणजे आधी कागद, मग बोलणं. ठीक आहे, तुझा हट्टीपणा कुणाकडून आला हे मला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे मी रागावणार नाही.

हाताची प्रगती उत्तम. खूण खिडकीच्या कडीपर्यंत गेली.

मला चालायला एक जोडीदार मिळालाय. दवाखान्यात तपासणीच्या दिवशी बाकावर शेजारी बसला होता. बस चालवायचा, आता निवृत्त. मी त्याला ड्रायव्हर म्हणते, म्हणजे पाटीवर तसं लिहिते. त्याचं आतड्याचं दुखणं होतं, ते काढून टाकलं आणि पोटावर पिशवी बसवली. माझा रुमाल बघून त्याने एकदम विचारलं, “तुमचं भोक गळ्याला का? माझं पोटाला.” आजूबाजूची माणसं छताकडे बघायला लागली. मला इतकं हसू आलं की रुमाल बदलावा लागला. माझ्या आजाराबद्दल माझ्यासमोर मोठ्यांदा बोलणारा हा पहिला माणूस. बाकी सगळे अशा आवाजात बोलतात जसं काही मी शेजारच्या खोलीत झोपलेय.

ड्रायव्हर घराबाहेर पडायचा नाही. पिशवी गळेल, वास येईल, लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. त्याच्या मुलाने त्याला दूरदर्शनसमोर एक आरामखुर्ची घेऊन दिली आहे आणि त्यातून उठला की घरातले ओरडतात, बाबा, काय हवं ते सांगा, आम्ही आणतो. मी पाटीवर लिहिलं, गाडी इतके दिवस गॅरेजमध्ये उभी केली तर काय होतं? तो म्हणाला, बॅटरी उतरते, टायर बसतात, आणि उंदीर वायर खातात. दुसऱ्या दिवसापासून यायला लागला.

डॉक्टरांना मी एक गोष्ट विचारली. नुसती विचारली, विचारायला काय जातं? पाटीवर लिहिलं: कमरेपर्यंत? ते पाटीकडे बघतच राहिले. म्हणाले, त्या भोकातून आत गेलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं, नाक नाही, घसा नाही, मध्ये अडवायला काही नाही. मी लिहिलं, मला पाण्याबद्दल शिकवू नका, हो की नाही ते सांगा. तेव्हा म्हणाले, कमरेपर्यंत म्हणजे कमरेपर्यंतच. आणि जवळ असं कुणीतरी हवं ज्याचं लक्ष फक्त तुमच्यावर असेल आणि ज्याला ओरडता येत असेल.

तुला हे सांगतेय ते एवढ्याचसाठी की डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. बाकी काही नाही. आम्ही दोघं चालतो. सपाटीला, सावकाश.

आई

१२ मार्च

बेडके,

तुझी दीड ओळ पोचली. “हात खरंच कडीपर्यंत जातो का? फोटो पाठव.” काय पण विश्वास! तुला पोहायला शिकवताना मी कधी तुझा फोटो मागितला होता का? फोटो काढायला एक हात लागतो आणि दाखवायला दुसरा, आणि मधे पाटी कोण धरणार? नाही पाठवत.

बरं, कडीपर्यंत नाही. बटणांच्या थोडा वर. पण जातोय.

आज तुला खरं सांगावंसं वाटतंय, सगळं नाही, थोडं. मला भीती वाटते. सकाळी खोकला आला आणि रुमालावर जरा काही रंग दिसला की तो मी कुणी बघायच्या आत धुऊन टाकते. पुढच्या तपासणीची तारीख स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लावली होती, ती मी वर्तमानपत्राने झाकून ठेवली. पूर्वी भीती वाटली की मी ओरडायचे. तू हे कधी ओळखलं नाहीस. तू खोल बाजूला पहिली उडी मारलीस तेव्हा मी काठावरून इतकी ओरडले की पलीकडच्या रस्त्यावरचे लोक थांबले, आणि तू वर येऊन माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझी शत्रू. ती भीती होती, बाळा. आता भीती आत साठते आणि बाहेर यायला वाट नाही.

जमिनीवर चालताना मी एक ओझं असते. रेडिएशनने जो थकवा आला तो अजून अंगात मुरलेला आहे, पाय उचलताना दुसऱ्याचे पाय उचलतेय असं वाटतं. रस्त्यावर पोरं गळ्याकडे बघतात, त्यांच्या आया त्यांचं तोंड दुसरीकडे वळवतात. खांदा खाली ओढतो. कुलपांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसले की वाटतं, इथंच बसून राहावं, कशाला उठायचं. असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पण ड्रायव्हरबरोबर चालते तेव्हा तसं वाटत नाही. तिथं हात आपोआप वर येतो. तिथं कुठं ते विचारू नकोस.

त्याला माझी पाटी चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि चष्मा तिथं नेत नाही. म्हणून आम्ही हाताने आवाज करून बोलतो. तळहात जरा खोलगट करून मारला की चांगला कडकडीत आवाज निघतो. एकदा मारलं की चला, दोनदा मारलं की दम घ्या. आणि उगाच मारत राहिलं की नुसती मजा. खांद्यालाही व्यायाम. ओंडका म्हणतो, बाई, तुमची शिट्टी गेली तरी कटकट काही गेली नाही.

आता ओंडका मधे कसा आला असं तू म्हणशील. भेटतो रस्त्यात. त्याचं पोट बघशील तर हसशील, आपण ठेवलेलं नाव आता खऱ्या अर्थाने शोभतंय. मी शिकवलेल्या सगळ्यांत तो एकटाच असा होता ज्याला बुडता येत नव्हतं, आणि तोच जीवरक्षक झाला.

त्या कागदाबद्दल: विचार करतेय. खरंच करतेय. तू यावंस असं मला रोज वाटतं. दारावरची बेल वाजली की वाटतं. पण मी ‘पाण्यात उतरणार नाही’ असं लिहायला घेतलं की हात तिथेच अडतो, भिंतीवर अडतो तसा.

आई

३१ मार्च

बेडके,

पत्राला उशीर झाला. थोडी सर्दी झाली आहे. छातीत कफ आहे म्हणून दोन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवलंय, काळजीचं कारण नाही. अक्षर वाकडं आलंय कारण पलंगावर लिहितेय आणि हाताला सुई आहे.

ड्रायव्हर बरा आहे.

जेवण बेचव आहे, पण मला तशीही चव फारशी कळत नाही, त्यामुळे आमचं जमतं. शेजारच्या पलंगावरची बाई सारखी विचारते, तुम्हाला भेटायला कुणी येत नाही का? मी तिला लिहून दाखवते, माझी मुलगी लांब असते, फार कामात असते.

घरी गेले की नीट लिहीन.

आई

९ एप्रिल

बेडके,

घरी आले. आता नीट लिहिते. हे पत्र संपेपर्यंत उठायचं नाही असं ठरवून बसलेय, आणि तूही बसून वाच.

दवाखान्यात असताना नर्सने एकदा फोन आणून माझ्या कानाला लावला तेव्हा मला वाटलं जावईबापूंचा असेल. तुझा आवाज आला. इतक्या दिवसांनी. तू म्हणालीस, “आई, तू पाण्यात गेली होतीस का? हो की नाही, एवढंच.” ओंडक्याने तुला कळवलं होतं, हे मला नंतर समजलं, त्याच्यावर रागावू नकोस, मीही रागावलेले नाही. नर्स म्हणाली, हो असेल तर एकदा वाजवा. मी फोनवर नख वाजवलं. एकदा. तुझा श्वास मला ऐकू येत होता आणि माझा, त्या भोकातून येणारा, तुला. मग तू फोन ठेवलास.

मला तुझा राग आला नाही. रडू आलं. मला रडतानाही आवाज येत नाही, त्यामुळे नर्सला वाटलं मी झोपले.

तर हो. फेब्रुवारीपासून जात होते. मी ओंडक्याच्या घरी गेले, त्याच्यासमोर पाटी धरली आणि डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. तो म्हणाला, ताईंनी मला बजावलंय. मी लिहिलं, ताईला पोहायला कुणी शिकवलं? तो नरमला. सकाळी शिकाऊ पोरांचे वर्ग सुरू व्हायच्या आधी, उथळ बाजूला, दोरीच्या अलीकडे, आणि तो काठावर असताना. एवढ्या अटी त्याने घातल्या आणि मी सगळ्या पाळल्या. शेवटच्या त्या दिवसापर्यंत पाणी कमरेच्या वर एकदाही येऊ दिलं नाही.

ड्रायव्हरला आत उतरवायला मला फार कष्ट पडले. पिशवीवर पट्टी, पट्टीवर बनियन, त्यावर शर्ट, एवढं घालून तो पहिल्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, बाई, आज इथपर्यंतच. दुसऱ्या वेळी गुडघ्यापर्यंत. मग एक दिवस कमरेपर्यंत आला, आणि पाण्याने त्याला जरासं उचललं तेव्हा त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. म्हणाला, स्टिअरिंग हलकं झालं. आम्ही इकडून तिकडे चालायचो, मी पुढे, तो मागे. तो बोलत राहायचा आणि मी पाण्यावर हात मारून उत्तर द्यायचे. डावा हात पाण्यात आपणहून वर तरंगायचा. भिंतीवर ज्याला चढायला रडू कोसळतं, तो हात पाण्यात तरंगताना मला माझा वाटायचा. तुला मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू ‘बरं’ म्हणाली नसतीस.

त्या दिवशी ड्रायव्हर काही न खाता आला होता. हे मला नंतर कळलं. पिशवी भरू नये म्हणून तलावावर यायच्या दिवशी तो आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहायचा. रोज विचारायचे मी त्याला, खाल्लं का, आणि रोज तो हो म्हणायचा. पाण्यात लाज वाटू नये म्हणून त्याने एवढं केलं. मी पुढे होते. त्याचं बोलणं बंद झालं. आधी वाटलं दम लागला असेल. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं.

तुला आठवतं ना, पहिल्या दिवशी नव्या पोरांना मी काय सांगायचे? बुडणारा माणूस ओरडत नाही. हात वर करून कुणाला बोलावत नाही. तो गप्प जातो, म्हणून काठावरच्याने डोळे उघडे ठेवायचे. इतकी वर्षं मी हे सांगितलं, आणि माझ्या पाठीमागे तो गप्प गेला. चक्कर येऊन दोरीखालून पलीकडे, जिथून फरशी उतरती होते तिकडे. त्याचा शर्ट पाण्यात फुगलेला दिसत होता.

मी पाण्यावर हात मारला. जोरात. ओंडका समोरच्या काठावर होता, जाळीने पालापाचोळा काढत होता. त्याने मान वर केली. मी पुन्हा मारला, पुन्हा पुन्हा मारला, दोन्ही हातांनी मारला, डावा हातसुद्धा कुठून कोण जाणे वर गेला. ओंडक्याने हसून हात हलवला आणि पुन्हा जाळी पाण्यात घातली. त्याची काय चूक? रोज मी तेच करत होते. मजा म्हणून पाणी बडवत होते. मदतीची हाक म्हणून माझ्याजवळ जे एक साधन होतं, ते मीच रोज खेळून फुकट घालवलं होतं. यंत्र बाकावर टॉवेलाशेजारी होतं. ते जवळ असतं तरी पाण्यात काय कामाचं?

मग मी दोरी ओलांडली.

उडी मारली नाही, एवढं मात्र माझ्या हिशेबात धर. सगळं अंग उडी मार म्हणत होतं. मी चालत गेले. पाणी पोटावर आलं, बरगड्यांवर आलं, छातीवर आलं. उजव्या हाताचा तळवा भोकावर दाबून धरला, म्हणजे पाणी आत जाणार नाही, पण मग श्वासही नाही. उरला डावा हात. लोंबणारा. तो त्याच्या हनुवटीखाली घातला, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आणि मागे मागे चालू लागले. पाण्यात माणूस फार जड नसतो, हे तुला माहीत आहे. हात सुटेल असं मला प्रत्येक पावलाला वाटत होतं. तो सुटला नाही. पाय मात्र घट्ट होते, बेडके, एवढे दिवस चाललेले पाय. दोरीपाशी आले तेव्हा माझा तळवा निसटला. माझ्याच हालचालीने उठलेली लाट आत गेली.

ते कसं होतं ते मी तुला सांगणार नाही.

तेवढ्यात ओंडक्याने जाळी फेकली होती. त्याने आधी ड्रायव्हरला ओढलं, कारण मी बोटाने तसं दाखवलं. मग मला. ड्रायव्हर काठावर खोकला, उलटी केली आणि सगळ्यात आधी शर्ट खाली ओढून पोट झाकलं. त्याच्या फुप्फुसात फारसं काही गेलं नव्हतं. माझ्या गेलं होतं, म्हणून ती सर्दी.

आता पुढचं ऐक. तलावाच्या दारावर पाटी लागली आहे: आजारी माणसांनी डॉक्टरांच्या पत्राशिवाय आणि सोबत माणूस असल्याशिवाय येऊ नये. ओंडक्याला तलावाचे साहेब फार बोलले. ड्रायव्हर परत खुर्चीत गेला. त्याच्या घरी जाऊन आले. मुलाने मला दारातच सांगितलं, बाई, तुमचे उपकार आहेत, पण बाबांना आता कुठे नेऊ नका. तो आतून माझ्याकडे बघत होता. मी टेबलावर एकदा हात मारला. चला. त्याने मान हलवली, नाही.

आणि मीही गेलेले नाही. हेच तुला सांगायचं होतं. मला भीती वाटते. न्हाणीघरात बादली भरताना पाण्याचा आवाज आला तरी तळवा आपोआप गळ्यावर जातो. रस्त्यावरही चालत नाही. दिवसभर खिडकीशी बसते आणि संध्याकाळी तिथून उठायला टेबलाचा आधार लागतो. भिंतीवरची खूण मी काल पाहिली. बोटं आधीच्या खुणेच्या बरीच खाली थांबली. पाण्यात माणूस तोलून धरणारा हात आता फडताळातला डबा काढत नाही.

काल तुझा कागद लिहिला. अगदी तू सांगितलास तसा. यापुढे पाण्यात पाऊल टाकणार नाही. तारीख, सही. अक्षरही छान आलं. तो समोर ठेवून मी विचार केला, आता ही येईल, मला घेऊन जाईल, चांगल्या उबदार खोलीत ठेवेल, आणि आई, तू बस, मी आणते, असं म्हणेल. आणि मी बसेन. तू प्रेमाने म्हणशील आणि मी प्रेमाने बसेन. ड्रायव्हरच्या घरातही सगळे प्रेमानेच बोलतात.

तो कागद मी पाठवत नाही.

तू म्हणाली होतीस, नाहीतर काही कळवू नकोस. मी सगळं कळवलं. आता तुझी मर्जी. पण एक मागते, आणि आयुष्यात तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागतेय, तर नीट वाच.

डॉक्टर म्हणाले होते, जवळ असं कुणीतरी हवं ज्याचं लक्ष फक्त तुमच्यावर असेल आणि ज्याला ओरडता येत असेल. ड्रायव्हर होता, पण त्याचं लक्ष स्वतःच्या पोटावर होतं. ओंडक्याला दहा कामं असतात. मला माहीत असलेल्या माणसांत माझ्यावर सारखं लक्ष ठेवणारी एकच आहे. तिला मी चौकीदार म्हटलं होतं.

तू ये. घेऊन जायला नाही, इथे ये. पाण्यात उतरू नकोस, तू पोहणं सोडलंस ते माझ्या ओरडण्यामुळे, हे मला कळतं आणि मी त्याबद्दल काही बोलणार नाही. नुसती काठावर उभी राहा. उथळ बाजूला शिडीजवळ एक फरशी आहे, मी तिथे इतकी वर्षं उभी राहिले की तिचा खडबडीतपणा गेलाय. तिथे उभी राहा. माझं ओळखपत्र तुझ्याच पर्समध्ये आहे, ते घेऊन ये. मी पायरीने उतरेन, कमरेपर्यंत जाईन आणि दोरीच्या अलीकडे चालेन. मला भीती वाटली तर वळून तुझ्याकडे बघेन. एक पाऊल जरी पुढे टाकलं तर ओरड. मी तुझ्यावर ओरडले तशी ओरड, पलीकडच्या रस्त्यावरची माणसं थांबतील अशी ओरड. जे काही इतक्या वर्षांत बोलायचं राहिलं असेल तेही त्यात घाल.

मला उलट बोलता येणार नाही.

आई